ओ निगेटिव्हचे दोघे

माणसांचे चेहरे मी विसरते, पण कोपरे विसरत नाही. कोपराच्या आतल्या खळगीत कुणाची शीर दोरीसारखी वर येते, कुणाची खोल दडून बसते, कुणाची सुई टेकवताच बाजूला सरकते. आजही बाजारात कुणी भाजी निवडायला बाही वर सारली की माझी नजर आधी तिथं जाते. नवरा म्हणतो, तुझ्याबरोबर बाजारात यायची लाज वाटते.

नारायणगावात स्टँडच्या मागच्या गल्लीत माझी लॅब होती. दहा बाय बाराची खोली, एक मायक्रोस्कोप, नळ्या गरगर फिरवायचं एक यंत्र, एक फ्रीज आणि एक लोखंडी पलंग. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टाकली आणि पुढं अठरा-वीस वर्षं चालवली. माझं काम नेमकं काय हे सासूबाईंना शेवटपर्यंत उलगडलं नाही. कुणी विचारलं की सांगायच्या, "ती लोकांचं रगत बघती." मला हे आवडायचं. डिप्लोमाच्या कागदावर यापेक्षा फार काही वेगळं लिहिलेलं नव्हतं.

त्या काळात आमच्या भागात रक्त म्हणजे पुणं. जुन्नर घ्या नाहीतर आंबेगाव, बाळंतीण अडली किंवा हायवेला ट्रकनं कुणाला उडवलं की नमुना घेऊन एक माणूस जीपनं पुण्याला पळायचा. जायला अडीच तास, यायला अडीच तास, मध्ये खेडचा घाट. तोवर पेशंट धरला तर धरला. म्हणून तेव्हा सगळीकडे चालायचं ते आम्हीही करायचो. गावातलाच गट जुळणारा माणूस आणायचा, पलंगावर झोपवायचा, तपासण्या करायच्या आणि त्याचं रक्त ताजं ताजं दवाखान्यात पोचवायचं. पुढं कायदा बदलला आणि परवान्याच्या रक्तपेढीबाहेर रक्त काढायला बंदी आली. योग्यच झालं. पण तोवरच्या वर्षांत त्या लोखंडी पलंगावर किती माणसं झोपून उठली आणि त्यामुळं किती घरांत चूल पेटती राहिली, हे मी पाहिलंय.

पिशवी भरायला सात-आठ मिनिटं लागतात. तेवढा वेळ माणसाला बोलतं ठेवावं लागतं, नाहीतर तो पिशवीकडं बघत बसतो आणि गार पडतो. मी प्रत्येकाला एकच विचारायची, "का देताय?" आधी ती नुसती युक्ती होती, नंतर मला त्याचा नादच लागला. मंचरचा एक दुधाचा ड्रायव्हर म्हणाला, "दिल्यावर हलकं हलकं वाटतं, ताई." त्याला सुई बघून दर वेळी घेरी यायची, तरी तो यायचा. एकजण नवस म्हणून दर संकष्टीला हजर. त्याला तीन महिन्यांतून एकदाच चालतं हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले. एक आजीबाई म्हणाल्या, "घे बाई, वर गेल्यावर इचारत्याल ना, काय करून आलीस म्हणून." त्यांचं घेतलं नाही. साठी उलटून गेली होती.

या उत्तरांवरून मी मनात दोन ढीग केले होते. देवासाठी देणारे एकीकडे आणि कशासाठीच न देणारे दुसरीकडे. पहिल्या ढिगाला मी मनातून थोडं कमी लेखायची, आज कबूल करते. वर नजर ठेवून दिलेलं ते कसलं देणं, असं वाटायचं. आणि हे मला पटवून दिलं होतं हांडे सरांनी.

हांडे सर येडगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. पक्के नास्तिक. जत्रेत जाऊन हातातून अंगारा काढून दाखवायचे आणि तो कसा काढला तेही सांगायचे, त्यामुळं दोन गावांत त्यांना जेवायला कुणी बोलवत नसे. गट ओ निगेटिव्ह. हा गट फार थोड्यांचा असतो. त्यांचं रक्त कुणालाही चालतं, पण त्यांना स्वतःला मात्र त्याच गटाचं लागतं. आख्ख्या भागात माझ्या वहीत अशी सहा नावं होती. त्यातले एक सर, आणि दुसरे कांतिशेठ.

कांतिशेठांचं पेठेत कापडाचं दुकान. त्यांचे आजोबा मारवाडातून आले. शेठ मात्र आमच्याइतकेच इथले. जिभेवर मराठी, मनात धर्म. रात्रीचं जेवण नाही, कांदा-लसूण नाही, मुंगी दिसली तर पाय उचलून धरणार. दर तीन महिन्यांनी न बोलावता यायचे, चप्पल बाहेर काढायचे, पलंगावर पडायचे. का देताय विचारलं की म्हणायचे, "जीवदया आहे ताई, धर्मच आहे आमचा."

एकदा दोघं एकाच वेळी लॅबमध्ये आले. सरांची पिशवी भरत होती, शेठ बाकावर बसले होते. सरांना राहवलं नाही.

"शेठ, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं तुमचं दान. पुढच्या जन्माची सीट आत्ताच धरून ठेवायची."

शेठ हसले. म्हणाले, "धरली असंल. पण रुमाल टाकल्यामुळं एखाद्या म्हाताऱ्याला बसायला मिळालं, तर रुमालाचं काय वाईट?"

"मी देतो त्यात मला काही मिळत नाही," सर म्हणाले. "ना पुण्य, ना स्वर्ग. फरक तोच आहे."

"मिळतं ना सर. तुम्हाला मला हे असं ऐकवायला मिळतं."

सर रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. मी मात्र मनात सरांनाच मार्क दिले.

आता त्या दिवसाचं सांगते. गणपती दुसऱ्या दिवशी बसायचे होते. पेठेत मखरं, झिरमिळ्या, मूर्ती घेऊन निघालेल्या जीपा, पाय ठेवायला जागा नाही. माझा हरितालिकेचा उपास. सकाळी साडेनऊला प्रसूतिगृहाच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. "सुनंदा, ट्यूब घेऊन लगेच ये. चालत नको, पळत ये."

खोडदहून एक जीप आली होती. मंगल नावाची बावीस-तेवीस वर्षांची बाई, पहाटे घरीच बाळंत झालेली. मुलगी झाली होती, छान रडत होती. पण वार अडकली होती आणि रक्त थांबत नव्हतं. नवरा टोमॅटोची गाडी घेऊन मुंबईला गेलेला. बरोबर सासरे नामाभाऊ, सासू आणि दीर. मंगलचे ओठ वहीच्या कागदासारखे झाले होते. मी नमुना घेतला तेव्हा ती इतकंच म्हणाली, "पोरीला ऊन लागू देऊ नका."

गट बघायची आमची रीत सोपी आहे. काचेवर रक्ताचे तीन थेंब, प्रत्येकात वेगळं औषध, आणि काच हलवायची. जिथं रक्ताचा रवा होतो त्यावरून गट ठरतो. तिन्ही थेंब गुळगुळीत राहिले. मी पुन्हा केलं. पुन्हा तसंच. ओ निगेटिव्ह. माझ्या छातीत धडधडायला लागलं. खरं सांगायचं तर त्या धडधडीत भीती होती तशी एक मजाही होती. या धंद्यातल्या माणसाला असले दिवस हवे असतात, हे कुणी उघड बोलत नाही.

जीपमधल्या सगळ्यांचे गट तपासले. एकही जुळेना. दिराला नमुना देऊन पुण्याला धाडलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुण्याची बाटली तीनच्या आत येत नाही. हिला आत्ता एक आणि दुपारच्या आत दुसरी पाहिजे. बघ काय करतेस."

वही उघडली. सहातला एक मुंबईला बदलून गेलेला. दोघांनी महिन्याभरापूर्वीच शिबिरात दिलेलं. एक बाई स्वतः पोटुशी. उरले दोघे. आणि कांतिशेठांचं पर्युषण चालू होतं, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांनी त्या वर्षी अठाई धरली होती. आठ दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. त्या दिवशी सातवा उपास होता. दुसऱ्या दिवशी संवत्सरी, तिसऱ्या दिवशी पारणं. त्यांचे पाहुणे थेट राजस्थानातून आले होते.

सरांच्या शाळेचा फोन बंद. मग येडगावच्या डेअरीत लावला. तिथल्या माणसाला म्हटलं, "भाऊ, हांडे सरांना वर्गातून उठव आणि जसे असतील तसे घेऊन ये. बाई जातीय." चाळीस मिनिटांत सर आले. डेअरीवाल्याच्या एम-एटी गाडीवर दोन दुधाच्या किटल्यांच्या मध्ये बसून, हाताला खडू तसाच.

निळं मोरचुदाचं पाणी असतं, त्यात रक्ताचा थेंब टाकायचा. टपकन बुडाला तर रक्त चांगलं, तरंगला तर माणसाला परत पाठवायचं. सरांचा थेंब गोटीसारखा बुडाला. बाकीच्या तपासण्या उरकल्या, मंगलच्या रक्ताशी जुळवून पाहिलं, पिशवी भरली आणि नामाभाऊ ती दोन्ही हातांत तान्ह्या बाळासारखी धरून दवाखान्याकडं पळाले. साठीचा माणूस, इतका पळताना मी त्याला पाहिला आणि मला हुंदकाच आला.

अकराच्या सुमाराला नर्स आली. वार निघाली होती. पण रक्त अजून झिरपत होतं आणि नाडी धाग्यासारखी लागत होती. दुसरी बाटली लवकर हवी होती.

"माझीच आणखी एक घे," सर पलंगावरूनच म्हणाले.

"सर, तुम्ही शिकलेले आहात."

"मग शेठला बोलव की."

"त्यांचा सातवा उपास आहे."

मला वाटलं, सर आता म्हणणार, बघू तरी त्यांचा धर्म काय सांगतो. पण ते उठून बसले, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाले, "मग त्यांना नको. मी बघतो." कोपरावरचा कापूस तसाच दाबून ते बाहेर पडले.

ते थेट जीप स्टँडवर गेले आणि एका जीपच्या मागच्या पायरीवर उभे राहून ओरडायला लागले. कुणाचा गट ओ निगेटिव्ह आहे का, कुणाला आपला गट माहीत आहे का. प्रवासी, ड्रायव्हर, मूर्ती घेऊन निघालेली माणसं, सगळी बघत राहिली. ज्या माणसाला जेवायला कुणी बोलवत नव्हतं, त्याच्यामागं सात-आठजण माझ्या दारात आले. मी एकामागून एक बोटं टोचत गेले, काच हलवत गेले. बी पॉझिटिव्ह, ओ पॉझिटिव्ह, ए पॉझिटिव्ह. सगळीकडे रवा. एरवी मला तो रवा दिसला की बरं वाटतं. त्या दिवशी त्याचा राग आला. सर पुन्हा स्टँडवर गेले, आणखी चारजण आणले. त्यांचाही जुळला नाही.

साडेअकरा वाजले होते. मी हातमोजे काढले आणि पेठेतल्या जैन स्थानकाकडं निघाले. सरांना न सांगता.

आत प्रवचन चाललं होतं. बायकांच्या रांगा, पांढऱ्या कपड्यांतले पुरुष, पंखा सुद्धा नाही. कांतिशेठ भिंतीला टेकून बसले होते. सात दिवसांत चेहरा निम्मा झालेला. मला दारात बघून ते उठले, भिंतीचा आधार घेत बाहेर आले. मागोमाग त्यांच्या पत्नी शांताबेन. मी चार वाक्यांत सगळं सांगितलं. सांगतानाच मला लाज वाटत होती.

शेठ म्हणाले, "किती वेळ आहे?"

"तासभर. कदाचित दीड. पण शेठ, द्यायचं तर आधी खावं लागेल. रिकाम्या पोटी मी घेणार नाही."

शांताबेन एकदम म्हणाल्या, "ताई, हा यांचा उपास नाही. आईंच्या नावाचा आहे." मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. शेठच्या आईंनी आयुष्यात तीनदा अठाई धरली आणि तिन्ही वेळा पाचव्या दिवशी तब्येतीनं सोडावी लागली. त्या वर्षी उन्हाळ्यात त्या गेल्या. जाताना मुलाला म्हणाल्या, माझी राहिली बघ. म्हणून शेठ ती पुरी करत होते.

मी म्हटलं, "मग राहू द्या. मी जाते."

तेवढ्यात सर आले. नर्सनं सांगितलं असावं मी कुठं गेले ते. धापा टाकत पायरीखालूनच म्हणाले, "शेठ, तुम्ही यायचं नाही. ही सुनंदा वेडी आहे. मी आणतो कुणालातरी."

शेठ म्हणाले, "सर, आज तुम्ही कुणाच्या बाजूनं बोलताय?"

"बाजू कसली. तुमचे सात दिवस झालेत."

"तुम्ही मानत नाही ना हे."

"मी नाही मानत. तुम्ही मानता."

शांताबेन म्हणाल्या, "आत साध्वीजींना विचारून या."

"नको," शेठ म्हणाले. "विचारलं तर त्यांना काहीतरी सांगावं लागेल. हो म्हणाल्या तर ओझं त्यांच्यावर, नाही म्हणाल्या तर त्या बाईवर. माझं मी बघतो." आणि ते पायऱ्या उतरायला लागले. सरांनी पुढं होऊन त्यांचा दंड धरला.

लॅबमध्ये मी साखर-मिठाचं पाणी केलं. शेठनी पेला हातात घेतला, डोळे मिटले, हात जोडता येईनात म्हणून पेल्यासकटच हात कपाळाला लावले आणि प्यायले. एका दमात, लहान मूल औषध पितं तसं. सर भिंतीकडं तोंड करून उभे होते. मग थोडं दूध, मग पुन्हा पाणी. पाणी पोटात जिरायला मला वेळ द्यायचा होता आणि घड्याळ थांबत नव्हतं. थेंब टाकला. जरा रेंगाळला, पण बुडाला.

डॉक्टरबाई स्वतः धावत आल्या. शेठकडं बघूनच म्हणाल्या, "यांचं कसं घेणार? हेच खाली पडतील." बरोबरच होतं त्यांचं. आज मला कुणी विचारलं तर मीही सांगेन, सात दिवस उपाशी असलेल्या माणसाचं रक्त घेऊ नये. मी घेतलं हे चूक होतं की बरोबर, याचा मी नंतर पुष्कळ विचार केलाय आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर आलंय. शेवटी डॉक्टरबाईंनी ठरवलं. पिशवी अर्धीच भरायची, दुसऱ्या हाताला सलाईन चालू ठेवायची, आणि त्यांनी स्वतः नाडीवर बोट ठेवून बसायचं.

नामाभाऊ दारात आले. पटका हातात. "शेठ, आमी काय बोलावं. तुमी आमचे कोण न्हाई, आमी तुमचे कोण न्हाई."

"काही बोलू नका भाऊ," शेठ म्हणाले. "फक्त दारातून बाजूला व्हा, वारा अडतोय."

मी सुई लावली. त्यांची शीर एरवी ठसठशीत, त्या दिवशी सापडायला दोनदा चाचपावं लागलं. मी का देताय विचारलं नाही. तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या कपाळावर घाम आला, चौथ्याला डोळे फिरले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाय वर करा." माझे दोन्ही हात गुंतलेले. सरांनी पलंगाच्या पायथ्याशी जाऊन शेठचे दोन्ही पाय उचलले आणि आपल्या छातीशी धरले. त्यांनी स्वतः दीड तासापूर्वी बाटलीभर रक्त दिलं होतं, वर स्टँडवर ओरडून आले होते. त्यांचे दंड थरथरत होते, पण पाय खाली आले नाहीत. मी अर्धी पिशवी होताच सुई काढली, गाठ मारली. जुळवून बघायचं आधीच उरकलं होतं. डॉक्टरबाई पिशवी घेऊन गेल्या.

शेठना शुद्ध आली तेव्हा सर अजून तसेच उभे होते. शेठनी आधी छताकडं पाहिलं, मग आपल्या पायांकडं, मग पाय धरलेल्या माणसाकडं.

"सर, सोडा. पापात पाडाल मला."

"गप पडा."

"तुम्ही मानत नाही आणि माझा उपास वाचवायला रस्त्यावर ओरडत फिरलात. मी मानतो आणि मोडून बसलो. आज दोघंही आपापल्या शाळेत नापास."

सरांना हसू फुटलं आणि त्या हसण्यात त्यांचे डोळे भरून आले. मला त्यांनी तोंड फिरवून सांगितलं, "बाहेर बघ, बातमी काय आहे ती."

बातमी यायला दुपार गेली. तीननंतर दीर पुण्याहून दोन बाटल्या घेऊन आला, त्याही चढवल्या. पाचच्या सुमाराला मंगलनं डोळे उघडून पोरगी मागितली. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी, नर्स आणि मंगलच्या सासूबाई एकमेकींच्या गळ्यात पडलो. माझा हरितालिकेचा उपास मी तिथंच चहा पिऊन सोडला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. असा आनंद मला नंतर क्वचितच झाला. घरी जाताना मी चालत नव्हते, उडत होते.

या आनंदातच मी माती खाल्ली.

गणपती उठल्यावर गावच्या वार्ताहराला मी सगळी हकीकत रंगवून सांगितली. अठाई मोडून प्राण वाचवले, अशी बातमी आली, दोघांचे फोटो आले. पेठेत सत्कार ठरला. शेठ सत्काराला गेले नाहीत. ते माझ्याकडं आले, नेहमीसारखी चप्पल बाहेर काढून.

"ताई, उपास मोडला त्याचं मला काही नव्हतं. जे गेलं ते गेलं, एका बाईच्या कामी आलं. कुणाला कळलं नव्हतं तोवर ते खरंच गेलेलं होतं. तुम्ही त्याचा हार करून माझ्याच गळ्यात घातलात."

चार दिवसांनी सर आले, तेही तोंड पाडून. म्हणाले, "बातमीत माझं नाव दुसरं का, असं माझ्या मनात आलं. आख्खी रात्र ते गेलं नाही. मी म्हणत होतो ना, मला काही मिळत नाही म्हणून. बघ, मी काय मागत होतो ते." मग हसले. "शेठला सांगू नको."

मी माझे दोन ढीग तेव्हापासून मोडून टाकले. धर्म मानणारा माणूस त्या दिवशी आपला धर्म बाजूला ठेवून पायऱ्या उतरला. न मानणारा दुसऱ्याचा धर्म राखायला जीपवर चढला. यातलं कुणाचं देणं जास्त निर्मळ, हे मोजायचं औषध माझ्या फ्रीजमध्ये नव्हतं. मी एवढंच म्हणेन, की त्या दोघांचं देणं निर्मळ होतं आणि त्यात मळ कालवला तो मी, चांगल्या हेतूनं.

पुढच्या वर्षी आषाढात सर लॅबमध्ये आले. बसले नाहीत. म्हणाले, "माझी पाळी आलीय, पण आता मी देणार नाही. गणपतीपर्यंत मी राखीव. शेठ यंदा परत अठाई धरणार आहेत. त्या आठ दिवसांत ओ निगेटिव्ह लागलं तर फक्त मला बोलवायचं." आणि पर्युषण सुरू झाल्यावर शाळा सुटली की ते रोज माझ्या बाकावर येऊन बसायला लागले. लॅब बंद होईपर्यंत वह्या तपासायचे. फोन वाजला की मान वर करायचे. एक दिवस गेला, दोन गेले, सात गेले. आठव्या दिवशी संध्याकाळी मी कुलूप लावलं तेव्हा सरांनी रस्त्यातच मोठा श्वास सोडला.

पारण्याला शेठनी मला आणि सरांना बोलावलं. सर यायला तयार नव्हते, मी ओढून नेलं. घरात पाहुण्यांची गर्दी. पाटावर शेठ बसलेले, आईंचा फोटो शेजारी. घरातले एकेकजण पुढं होऊन मुगाच्या पाण्याचा चमचा त्यांच्या तोंडात घालणार, अशी रीत. पहिला चमचा कुणाचा म्हणून सगळे थांबले, तर शेठनी सरांकडं हात केला. सर मागं सरकले. "मी यातलं काही मानत नाही, शेठ." शांताबेननी वाटी त्यांच्या हातात दिली.

सर गुडघ्यावर बसले. चमचा तोंडाजवळ गेला तसे शेठ मागं झाले.

"सर, गरम आहे. फुंकून द्या."

सरांनी चमच्यावर फुंकर घातली, एकदा, दोनदा, आणि मग शेठना पाजलं.